वरच्या आळीचा भोंगा

बसमध्ये जागा पंचेचाळीस होत्या आणि वहीत नावं होती एकोणीस. गुरुवारी सकाळी गामगोलचे सरपंच ओक मानबोक गावच्या समाजघरात, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि ती एकोणीस नावं पुन्हा पुन्हा वाचत होते. कितीही वेळा वाचली तरी त्यांची वीस होत नव्हती. परवा, शनिवारी, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सोराचं, सेऊलला लग्न होतं. सकाळी सात वाजता बस समाजघरासमोरून सुटणार होती आणि रस्त्यात खायला पंचेचाळीस माणसांपुरतं उकडलेलं डुकराचं मांस सांगून ठेवलेलं होतं.

एकोणीसच्या एकोणीस नावं खालच्या आळीची होती. वरच्या आळीचं एक नाव नव्हतं.

गामगोलच्या दोन आळ्यांच्या मध्ये टेकडीचा एक खांदा येतो, त्यामुळे इकडे कुणी कितीही ओरडलं तरी तिकडे ऐकू जात नाही. म्हणून भोंगे दोन. एक समाजघराच्या छपरावर, खालच्या आळीसाठी. दुसरा वरच्या आळीत खांबावर. रोज सकाळी साडेसहाला सरपंच समाजघरात येऊन टेपवर एक जुनं गाणं लावतात, ते अर्ध्यावर तोडतात, दोनदा घसा साफ करतात आणि म्हणतात, "आ... आ... मी सरपंच बोलतोय." मग खत आलं, फ्लूची सुई टोचायला दवाखान्याची गाडी येणार आहे, कुणाची शेळी कुणाच्या कोबीत शिरली, असं सगळं एकापाठोपाठ येतं. लग्नाचं बोलावणंही त्यातच असतं. छापील पत्रिका शहरातल्या नातेवाइकांना जातात, गावाला भोंगा बोलावतो. ज्याला भोंग्यानं बोलावलं तो पाहुणा. ज्याला नाही बोलावलं, त्यानं त्या दिवशी मुद्दाम शेतात काम काढायचं आणि काही माहीतच नसल्यासारखं वागायचं. ही पद्धत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ती कुणी मोडतही नाही.

मानबोकनी सोमवारपासून चार दिवस रोज बोलावलं होतं. चौथ्या दिवशी तर दोनदा.

"वर जाऊन एकदा विचारून या ना," जमीन पुसता पुसता त्यांची बायको सुनरे म्हणाली.

"काय विचारू?"

"येताय का म्हणून."

"सरपंचानं स्वतःच्या तोंडानं चार दिवस सांगितलंय. आता दारोदार जाऊन विचारायचं म्हणजे भीक मागणं झालं. त्यांना यायचं नाही, सोराची आई. त्यांनी डूख धरलाय."

डूख कशाचा, ते दोघांनाही ठाऊक होतं. जेमतेम महिन्यापूर्वी वरच्या आळीतल्या बोंग चिलसोंगनं मिरचीच्या वाफ्यांवरचा मल्चिंग पेपर गोळा करून परसात जाळला. प्लॅस्टिक जाळायला बंदी आहे. मानबोकनी दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून समज दिली. नाव घेतलं नाही, सरपंचाला तोल सांभाळावा लागतो. एवढंच म्हणाले की वरच्या आळीत, खांबाशेजारच्या घरात राहणाऱ्या, निळा ट्रॅक्टर असलेल्या सद्गृहस्थांनी गावाच्या हवेचा विचार करावा. वरच्या आळीत निळा ट्रॅक्टर एकच आहे.

मानबोकना खरं टोचत होतं ते वेगळंच. काल संध्याकाळी सोराचा फोन आला होता. मुलाकडचे चारशे लोक येणार होते. ती बिचकत बिचकत म्हणाली, "बाबा, आपल्या बाजूला माणसं कमी पडत असतील तर आत्ताच सांगा. इथं भाड्यानं पाहुणे मिळतात. नीट कपडे घालून येतात, टाळ्या वाजवतात, फोटोत उभे राहतात. कुणाला कळत नाही."

मानबोक "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून गोठ्यात गेले. अकरा वर्षं सरपंच, गावातल्या एकूण एक लग्नाला आणि मयताला गेलेला माणूस, आणि त्याच्या मुलीच्या मागे फोटोत भाड्याची माणसं उभी राहणार. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं, आणि हे कुणाला बोलून दाखवणं तर त्याहून नव्हतं.

तेवढ्यात दार सरकलं आणि बुन्ये आजी आत आली. ही चिलसोंगची आई, वय शहाऐंशी. पाठ काटकोनात वाकलेली, म्हणून चालताना आधाराला जुनी बाबागाडी ढकलते आणि तिच्यातच सामान ठेवते. आज तिळाचं पोतं होतं. खालच्या आळीत घाण्यावर तेल काढून घ्यायला आली होती आणि पाय शेकायला टेकली होती.

"आजी, बसा," मानबोक अदबीनं उठून म्हणाले. "थंडी पडली."

"पडली. फ्लूची सुई कधी टोचणार आहेत?"

"ती तर गेल्या मंगळवारी टोचली."

"झालं म्हणजे," म्हातारी पाय पसरत म्हणाली. "आम्हाला काय कळणार, बाबा? आम्हाला तू गावातून काढून टाकलंस."

"मी?"

"माझ्या पोराला शिव्या दिल्यास, आणि तिसऱ्या दिवसापासून भोंगा गप्प. मी दिवस मोजलेत. आज तेविसावा. चिलसोंग म्हणतो, सरपंचानं आपल्याकडची तार तोडली."

मानबोक पुतळ्यासारखे उभे राहिले. तेवीस दिवस ते रोज सकाळी घसा साफ करून टेकडीपलीकडच्या वीस घरांना खत, सुई आणि शेळ्या सांगत होते, आणि ते सगळं हवेत जात होतं. त्यांना वाटत होतं वरच्या आळीनं डूख धरलाय. वरच्या आळीला वाटत होतं सरपंचानं धरलाय. आणि तेवीस दिवसांत दोन्हीकडच्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

"आजी, मी काही तोडलं नाही. शपथ. भोंगा बिघडला असणार. आणि हे बघा, शनिवारी आमच्या सोराचं..."

"थांब," आजीनं हात वर केला. "लग्न आहे ते ठाऊक आहे. तांदळाच्या तोकच्या वड्यांची ऑर्डर गेली तेव्हाच कळलं. पण ते माझ्या एकटीच्या कानात सांगू नकोस. खालच्यांना चार दिवस बोलावणं आणि आम्हाला एका म्हातारीच्या हाती निरोप, असं नाही चालत. शिव्या भोंग्यावरून दिल्यास ना? मग बोलावणंही भोंग्यावरूनच दे. मी काही ऐकलं नाही." आणि ती तिळाचं पोतं घेऊन घाण्याकडे गेली.

मानबोकनी तालुक्याच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, सोमवारी येतो. मानबोक म्हणाले, शनिवारी लग्न आहे. दुकानदार म्हणाला, अभिनंदन, सोमवारी येतो.

फोन ठेवून मानबोक ताठ बसले. "मीच दुरुस्त करतो," ते म्हणाले.

"तुम्हाला येतं?" सुनरेनं विचारलं.

"सैन्यात मी सिग्नलच्या तुकडीत होतो, हे विसरलीस काय?"

सुनरेनं फडकं पिळलं. ही तुकडी गावातल्या प्रत्येकानं वर्षातून दोनदा तरी ऐकली होती. टीव्ही बिघडो, फोन बिघडो, मानबोक त्या वस्तूकडे डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "आमच्या सिग्नलमध्ये..."

बेत साधा होता. वर खांबावर चढून बिघाड शोधायचा तर भोंग्यात आवाज सोडत राहायला इकडे माइकवर कुणीतरी हवं. त्यांनी सुनरेला माइकसमोर गादीवर बसवलं. मशीनवर दोन खटके होते, एक खालच्या भोंग्याचा, एक वरचा. खालचा त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला, उगीच सगळ्या आळीला त्रास नको. वरचा चालू ठेवला.

"मी येईपर्यंत बोलत राहायचं. थांबायचं नाही. थांबलीस तर मला कळणार नाही की तार जुळली की नाही."

"काय बोलू?"

"काहीही. आकडे म्हण."

"कुणी ऐकत नाही ना?"

"कोण ऐकणार? खालचा बंद आहे, वरचा मेलेला आहे. भिंतीशी बोलतेस असं समज."

सुनरेनं माइककडे पाहिलं. अकरा वर्षं तिनं त्याच्यावरची धूळ पुसली होती, पण त्याच्यात कधी बोलली नव्हती. "एक," ती हळूच म्हणाली. "दोन."

मानबोक पॉवर टिलरवर शिडी आणि डाख द्यायचं सोल्डर बांधून वरच्या आळीत पोचले आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं की शिडी आखूड आहे. खांब चिलसोंगच्या कुंपणाला लागून होता. चिलसोंगच्या अंगणात, तेंडूची फळं उतरवायची लांब शिडी भिंतीला टेकवून ठेवली होती. मानबोक बराच वेळ त्या शिडीकडे बघत राहिले. मग ते आपल्या आखूड शिडीवर चढले आणि हात वर करून पाहिला. भोंगा अजून दोन हात उंच होता.

"काय, सरपंच," मागून आवाज आला. चिलसोंग हातातले मोजे झटकत उभा होता. "आवाज तर नेलातच. आता डबडंही न्यायला आलात?"

"दुरुस्त करायला आलोय," मानबोक शिडीवरूनच म्हणाले.

"तेवीस दिवसांनी?"

"मला आज कळलं."

"तेवीस दिवस बोलत होतात आणि कुणी ऐकत नाही हे कळलं नाही?"

मानबोक खाली उतरले आणि कुठंतरी तिसरीकडे बघत म्हणाले, "तुमची शिडी मिळाली असती तर..."

"दे त्याला," बुन्ये आजी म्हणाली. ती तेल काढून बाबागाडी ढकलत नुकतीच परतली होती. "आणि सोल्डरला वीज लागेल. माझ्या किमचीच्या फ्रिजची पिन काढ. एक तासानं किमची काही मरत नाही."

चिलसोंगनं शिडी लावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून दिली. हे सगळं करताना त्यानं प्रत्येक वस्तू थोडी जोरात ठेवली. शेजारच्या घरातून दोन बायका कोबी निवडता निवडता बाहेर आल्या. सरपंच खांबावर चढतात हे काही रोज दिसत नाही.

वर पोचल्यावर मानबोकनी भोंग्याच्या मागचं झाकण उघडलं. दोष शोधावा लागला नाही. जाड तार जिथं संपते त्या खिळ्याला हिरवा गंज चढला होता आणि तिथून आतल्या चकतीकडे जाणारी केसासारखी बारीक तार डाखातून निसटून लोंबत होती. मानबोकना एकदम बरं वाटलं. एवढीशी तार. त्यांनी हातमोजे काढले, दोन बोटांत तारेचं टोक धरलं आणि खिळ्याला टेकवलं.

"...दोनशे सहा, दोनशे सात," सुनरेचा आवाज त्यांच्या तोंडासमोर गडगडला. मानबोक शिडीवरून पडायचे राहिले. बोटांना मुंग्या आल्या.

"चालला," खालून बायका म्हणाल्या.

पण आता पंचाईत झाली. तार एका बोटाच्या पेरानं आखूड होती. ताणून धरली तर टेकत होती, सोडली तर डाख द्यायला पुरत नव्हती. आणि सोडायचीही चोरी होती, कारण सुटलेलं टोक घरंगळून आतल्या भोकात गेलं असतं, आणि एकदा आत गेलं की सगळा भोंगा उतरवून फोडल्याशिवाय हाती लागलं नसतं. मानबोक उजव्या हाताची दोन बोटं खिळ्यावर दाबून, डाव्या हातानं शिडी धरून, खांबावर अडकले.

"चिलसोंग," ते शक्य तितक्या रुबाबात म्हणाले, "वीतभर बारीक तार असेल का घरात?"

"शोधावी लागेल," चिलसोंग म्हणाला आणि सावकाश वखारीत गेला.

"...दोनशे चाळीस," भोंगा म्हणाला. मग त्यातून एक सुस्कारा आला. मग म्हणाला, "कंटाळा आला. आकड्यांत काय बोलायचं? कुणी ऐकत तर नाहीच. भिंतीशी बोल म्हणाले. बरं. ऐक गं भिंती."

मानबोकनी मान वळवून खाली पाहिलं.

"हे तिकडं खांबावर चढलेत. पडले नाहीत म्हणजे मिळवली. सिग्नलमध्ये होते म्हणे. होते. तीन वर्षांपेक्षा थोडं कमी. पण तिथं मुदपाकखान्यात होते. मुळे सोलायचे. मी त्यांच्या तुकडीतल्या माणसाला भेटलेय. तो म्हणाला, वहिनी, मानबोकसारखे पातळ मुळे कुणी कापू शकत नसे."

खाली कोबी निवडणाऱ्या बायकांपैकी एकीनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. अजून तीन-चार घरांची दारं उघडली.

"कुणीतरी तिला फोन करा," मानबोक म्हणाले. त्यांचा स्वतःचा फोन टिलरच्या सीटवर, कोटाच्या खिशात होता. "म्हणावं गप्प बस."

"माझ्याकडे कुठला फोन?" बुन्ये आजी म्हणाली. बाकीच्यांनी आपापले खिसे चाचपले आणि आश्चर्य असं की तेवढ्या माणसांत कुणाकडेच फोन सापडला नाही. "आणि तू बोटं हलवू नकोस," आजीनं बजावलं. "खरखर येते. नीट ऐकू येत नाही."

मानबोकना बोटं सोडता येत होती. सोडली असती तर सुनरेचा आवाज तिथल्या तिथं बंद झाला असता. पण मग तार आत गेली असती, भोंगा सोमवारपर्यंत मेला असता आणि शनिवारी पंचेचाळीस जागांच्या बसमध्ये एकोणीस माणसं बसली असती. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं आणखी दाबली.

"सकाळी बोलायचं असतं ते आदल्या दिवशी वहीत लिहितात," भोंगा सांगत होता. "मग आरशासमोर वाचतात. शेवटी आरशाला वाकून नमस्कार करतात. मी चुलीपाशी असते, त्यांना वाटतं मला दिसत नाही. चिलसोंगला शिव्या दिल्या ना, त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, जाऊन माफी मागा. तर म्हणे, सरपंचाला दारोदार माफी मागता येत नाही. तीनदा तांदळाच्या दारूची बाटली घेऊन निघाले. तीनदा पुलापर्यंत गेले, पुलावर बसून एकट्यानंच संपवली आणि परत आले. मला म्हणे, चिलसोंग घरी नव्हता."

वखारीच्या दारात चिलसोंग तारेचं वेटोळं हातात घेऊन उभा होता. तो कधी बाहेर आला ते कुणी पाहिलं नव्हतं.

"आणि माफी मागायलाच हवी. आमचाही मल्चिंग पेपर या वसंतात आम्ही जाळलाच की. गोठ्यामागं. काडी मी लावली, हे दंताळं घेऊन उभे होते. धूर वाऱ्यानं उलटा गेला म्हणून कुणाला दिसला नाही."

मानबोकनी कपाळ खांबाला टेकवलं. खांब थंड होता, तेवढंच बरं वाटलं. खाली आता कुणी हसत नव्हतं, सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"काल सोराचा फोन आला. म्हणाली, आपल्याकडची माणसं कमी असतील तर भाड्यानं आणू. हे बरं म्हणाले आणि गोठ्यात गेले. तासभर आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल. म्हणाले, गाईच्या डोळ्यात काहीतरी गेलंय, बघत होतो. मी मागाहून जाऊन पाहिलं. गाईला काही झालेलं नाही."

सुनरे थांबली. तिनं नाक पुसल्याचा आवाज वरच्या वीस घरांना स्पष्ट ऐकू आला. मग ती बोलली ती मोठ्यानं, आणि मानबोकच्या मनगटापर्यंत मुंग्या चढल्या.

"सोरा चार वर्षांची होती. ताप उतरत नव्हता, बर्फानं रस्ता बंद, हे बांधकामावर परगावी. चिलसोंगनं तिला पाठीवर बांधली आणि खिंड ओलांडून दवाखान्यात नेली. त्याच्या पायाचं एक बोट त्यातच गेलं. तो माणूस लग्नाला नसेल तर मी नवरीला दाखवू कुणाला? भाड्याच्या माणसांना? त्यांना काय ठाऊक ती कोण आहे? बुन्ये आजीनं तिला जन्मल्यावरची पहिली आंघोळ घातली. ही आमची माणसं आहेत. नुसती तार तुटली तर एवढं..." आवाज बारीक झाला. "जाऊ दे. बोलत राहा म्हणालेत. दोनशे एक्केचाळीस. दोनशे बेचाळीस."

बराच वेळ नुसते आकडे येत राहिले. कोबीवाल्या बायकांनी डोळे पुसले आणि हाती कांदा नसूनही कोबीलाच दोष दिला. मग शिडी हलली. चिलसोंग चढत होता, लंगडत, कारण त्याच्या डाव्या पायाला चारच बोटं आहेत. तो मानबोकच्या शेजारी, एक पायरी खाली येऊन उभा राहिला. एवढ्या जवळ ते दोघे कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते.

"हलवू नका," तो म्हणाला. त्यानं पेरभर तार तोडून घेतली, तिची दोन्ही टोकं दातांनी सोलली, गंज सुरीनं खरवडला आणि सोल्डरचं टोक टेकवून एक डाख इकडे, एक डाख तिकडे असं दोन मिनिटांत काम संपवलं.

"सोडा आता," तो म्हणाला. मानबोकनी बोटं सोडली. "दोनशे सत्त्याण्णव," भोंगा आपला आपण म्हणाला.

"हे कुठं शिकलात?" मानबोकनी विचारलं.

"सिग्नलमध्ये," चिलसोंग म्हणाला. "आम्हाला मुळे शिकवले नाहीत."

दोघं खाली उतरले. मानबोकना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी दोनदा घसा साफ केला, पण समोर माइक नव्हता आणि वहीही नव्हती. शेवटी ते कमरेत वाकले, आरशाला वाकत त्यापेक्षा बरेच खाली, आणि तसेच राहिले.

"पुरे," चिलसोंग म्हणाला. "पाठ धरेल. बस किती वाजता आहे?"

"सात..." मानबोक सांगू लागले आणि बुन्ये आजीनं बाबागाडी मध्ये घातली.

"इथं नाही," ती म्हणाली. "आम्ही काही ऐकलेलं नाही. खाली जा आणि नीट बोलाव."

मानबोक टिलर घेऊन निघाले. पुलावर खालच्या आळीचा किराणा दुकानदार भेटला. त्यानं टोपी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "सरपंच, गाईचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे," मानबोक म्हणाले आणि दहा पावलं पुढं गेल्यावर चपापले. खालचा भोंगा तर बंद होता. वरून कुणीतरी फोन केला असणार. मघाशी एकाकडेही नसलेले फोन आता निघाले असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि टिलरच्या धडधडीत, दुसरं काही ऐकू न येता, पुढं गेले.

समाजघरात सुनरे मांडी घालून "तीनशे ऐंशी" म्हणत होती, तोच तिला खिडकीतून टिलर दिसला. तिनं माइकचा खटका पाडला आणि मानबोक आत आले.

"झाला?"

"झाला."

"ऐकू आलं का तिकडं काही?"

मानबोकनी तिच्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांचा संसार होता. "आकडे आले," ते म्हणाले. "शेवटचे."

"मग ठीक," असं म्हणून तिनं गादी सरपंचांसाठी झटकून ठेवली आणि ओल्या फडक्यानं खिडकी पुसायला घेतली. खिडकी तिनं सकाळीच पुसली होती.

मानबोक बसले. टेपवर गाणं लावलं. आता दोन्ही आळ्यांना बोलवायचं होतं, म्हणून बंद केलेला खालचा खटका वर करायला त्यांनी बोट नेलं, आणि बोट तसंच हवेत राहिलं. खटका आधीच वर होता, म्हणजे चालू. तो त्यांनी स्वतः खाली पाडला होता, पाडल्याचा आवाज त्यांना आठवत होता. छपरावरचा भोंगा बोलत असला की या खोलीत कपसुद्धा थरथरतात. इथं बसलेल्या माणसाला ते कळलं नाही असं होणं शक्य नव्हतं.

सुनरे खिडकीचा एकच कोपरा घासत होती. मानबोकनी गाणं अर्ध्यावर तोडलं, वही मिटून बाजूला ठेवली आणि घसा साफ केला.

"आ... आ... मी सरपंच बोलतोय. शनिवारी आमच्या सोराचं लग्न आहे. बस सात वाजता. वरच्या आळीनं या. खालच्या आळीनं या. मल्चिंग पेपर मीही जाळला. संपलं."

अकरा वर्षांत इतकं कमी ते कधी बोलले नव्हते. मिनिटभरात फोन वाजला. चिलसोंग होता. "आवाज फार मोठा आहे," तो म्हणाला. "आईच्या कानाला लागतो. जरा कमी करा." आणि त्यानं फोन ठेवला. मानबोकनी आवाजाचं बटण एक घर खाली आणलं आणि मग बराच वेळ त्या बटणावरच हात ठेवून बसून राहिले.

शनिवारी पंचेचाळीस जागांच्या बसमध्ये त्रेपन्न माणसं होती. म्हाताऱ्या एकमेकींच्या मांडीवर बसल्या आणि मांस महामार्ग लागायच्या आतच संपलं. सेऊलच्या त्या चकचकीत सभागृहात नवरीच्या बाजूला खुर्च्या कमी पडल्या. सोरा आत आली तेव्हा बुन्ये आजी हुंदके देऊन रडायला लागली, तिला बघून कोबीवाल्या बायका रडल्या, आणि चिलसोंग, जो स्वतःच्या बापाच्या मयताला रडला नव्हता, तो बाहेर जाऊन खांबाआड उभा राहिला आणि आत आला तेव्हा म्हणाला की डोळ्यात काहीतरी गेलं. फोटोच्या वेळी फोटोग्राफरला तीन पावलं मागं सरकावं लागलं.

जेवणाच्या वेळी मुलाची आत्या मानबोकच्या शेजारी येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "व्याहीबुवा, राग मानू नका. आमच्या धाकट्याचंही पुढच्या महिन्यात आहे, म्हणून विचारते. ही तुमच्याकडची माणसं कुठून भाड्यानं आणलीत? आम्ही मागच्या वेळी आणली होती, ती नुसती टाळ्या वाजवत होती. ही किती मनापासून रडली."

मानबोकनी हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. पलीकडच्या टेबलावर बुन्ये आजी उरलेल्या तोकच्या वड्या रुमालात बांधत होती आणि चिलसोंग तिच्यासाठी आडोसा करून उभा होता.

"गामगोलची आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "पण तुम्हाला मिळणार नाहीत. त्यांना भोंग्यावरून बोलवावं लागतं." मग त्यांनी काड्या उचलल्या आणि जेवायला लागले, कारण परतीची बस चारला होती आणि सोमवारी सकाळी साडेसहाला सुनरेनं माइकवर बसायचं, असं काल रात्रीच्या जेवणावर तिनंच ठरवून टाकलं होतं.